कोरडी आंघोळ

आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, सुईत दोरा ओवायच्या आधी नेढ्याचं माप घेणाऱ्यांपैकी होते. पिंपरीच्या एका कंपनीत ड्रॉइंग ऑफिसात त्यांची नोकरी झाली. निवृत्तीनंतर कंपनी सुटली, पण खिशातली पोलादी पट्टी काही सुटली नाही. "कागदावरची चूक रबरानं खोडता येते सूनबाई, भिंतीवरची येत नाही," असं ते म्हणायचे. मी लग्न होऊन आले त्या आठवड्यातच हे वाक्य मला पाठ झालं होतं.

या माणसानं घरातलं न्हाणीघर पाडून नवं बांधायचं मनावर घेतलं. गरज खरीच होती. जुन्या न्हाणीघराला गुडघाभर उंचीचा कठडा होता. तो ओलांडून आत जायचं, बुटक्या पाटावर उकिडवं बसायचं, आणि सासूबाईंचे, म्हणजे माईंचे, गुडघे पार कामातून गेलेले. दिवाळीआधी त्या एकदा आत पडल्या. तेव्हापासून रोज सकाळी शाळेला निघायच्या आधी मी त्यांना काखेत हात घालून उठवायची. आमच्या ह्यांची पहिली शिफ्ट असली की मी एकटीच. पुन्हा पडल्या तर खुबाच मोडायचा, ही धास्ती मी शाळेत फळ्यासमोरही बाळगून असायची.

नानांनी ड्रॉइंग काढलं. मग ते सुधारलं. मग सुधारलेलं सुधारलं. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात क, ख, ग असं अक्षर असायचं, आणि 'ठ' आला तेव्हा जुन्या न्हाणीघराची एक वीटसुद्धा हललेली नव्हती. बसायच्या कट्ट्याची उंची मिलिमीटरमध्ये, खुंटीची मिलिमीटरमध्ये. साबण ठेवायच्या कोनाड्यासाठी त्यांनी आम्हा सगळ्यांचे हात मोजले. मी एकदा वैतागून म्हटलं, "नाना, कोनाडा साबणाच्या मापाचा असतो, माणसाच्या नाही." त्यांनी ते गंभीरपणे वहीत टिपून घेतलं. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मोशीहून सखाराम गवंडी आला. त्यानं 'ठ' कागद नीट पाहिला आणि विचारलं, "समदं हाय नाना, पर पान्याला वाट कुठनं द्यायची? उतार न्हाई दिसत."

"उतार नाहीच आहे," नाना म्हणाले. "उतारावर माणूस घसरतो, बादली डगमगते. माझी फरशी सपाट. कोपऱ्यात भोक दाखवलंय, पाणी तिथून जाईल."

"पानी आपल्या मनानं जात न्हाई, नाना. त्येला न्यावं लागतं."

"तू आधी ड्रॉइंग वाचायला शीक," नाना म्हणाले. सखारामनं चहा संपवला, थैली सायकलला अडकवली आणि तो निघून गेला. चांगला मिळालेला गवंडी हा असा हातचा घालवला. त्या दिवशी मी पोळ्या जरा जोरातच लाटल्या.

यावर उपाय म्हणून नानांनी काय करावं? कंपनीच्या भंगारातून पॅकिंगच्या फळ्या आणल्या आणि परसात अख्खं न्हाणीघर उभं केलं, खऱ्या मापाचं. तळाला शहाबादी फरश्या स्वतः सिमेंटात बसवल्या, कोपऱ्यात भोक ठेवलं, भोवती बोटभर कड केली आणि पाणसळ ठेवून मला बुडबुडा दाखवला. बुडबुडा अगदी मधोमध होता. मग सुरू झाल्या चाचण्या. आम्ही एकेकानं अंगभर कपड्यांत कट्ट्यावर बसायचं, रिकाम्या बादलीत रिकामा तांब्या बुडवायचा, डोक्यावर ओतायचा. नाना बाहेर घड्याळ घेऊन. "सूनबाई, पाठ राहिली," ते सांगायचे. शेजारच्या बायका गच्चीवर वाळवणाच्या निमित्तानं उभ्या राहायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. माईंना तर त्यांनी वीस-पंचवीस वेळा उठायला-बसायला लावलं असेल. प्रत्येक वेळी एक फळी काढायची, एक घालायची आणि विचारायचं, "आता? आता दुखलं?"

आणि खरी आंघोळ त्या जुन्याच न्हाणीघरात.

एका सकाळी माईंचा पाय कठड्याला पुन्हा अडला. मी धरलं म्हणून वाचल्या. मला म्हणाल्या, "कढत पाणी परसात आण." फळ्यांच्या खोलीत गेल्या, दाराला लुगडं लावलं, कट्ट्यावर बसल्या आणि खरीखुरी आंघोळ केली. नाना पेपर टाकून धावत आले आणि लुगड्यापलीकडून म्हणाले, "अगं, अजून मंजूर नाही झालंय ते."

आतून आणखी एक तांब्या ओतल्याचा आवाज आला. मग माई म्हणाल्या, "अहो, कट्टा छान झालाय. गुडघा अजिबात दुखला नाही. पण पाणी पायाखाली तसंच साचलंय, भोकाकडे जातच नाही. ते कुठं जायचं?"

बारा ड्रॉइंगं झाली, शंभर कोरड्या आंघोळी झाल्या, आणि पाणी कुणी ओतलंच नव्हतं. मला हसू यायला हवं होतं, पण नानांचा चेहरा पाहून आलं नाही. कपडे करून माई बाहेर आल्यावर ते आत गेले आणि साचलेल्या पाण्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग कपाळावरची टोपी सारखी केली, सायकल काढली आणि मोशीला गेले. सखारामला काय म्हणाले ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तो आला. आठ दिवसांत न्हाणीघर उभं राहिलं. नाना उताराच्या दोरीचं टोक धरून बसायचे, सखाराम म्हणेल तितकं खाली घ्यायचे. एक कट्टा तेवढा परसात माईंना बसवून ठरवलेल्या मापाचा.

पुढे काही वर्षांनी नाना आजारी पडले. उभं राहवेना, तेव्हा हे त्यांना त्याच कट्ट्यावर बसवून आंघोळ घालायचे. माई ठेंगण्या आणि नाना उंच, नानांचे गुडघे पार छातीशी यायचे. मी दाराशी पाणी देता देता म्हटलं, "नाना, सखारामला सांगून दोन विटा चढवून घेऊ या का?"

"नको," ते म्हणाले. "ते माप तिचं आहे."

आणि खाली वाकून पाणी कोपऱ्याकडे जातंय ना, ते बघत राहिले.