डाग राहिला का, पाहून घ्या

हे मी आजवर कोणाजवळही बोललेले नाही. यजमानांजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. आज तुम्हाला सांगते आहे, कारण— कारण काही नाही. सांगते आहे, एवढंच.

मी टापटिपीची बाई. सुरतेत आमच्या नानपुऱ्यातल्या बायकांच्या मंडळात कुठलंही काम निघालं की ते माझ्याकडे येतं. सतरंज्या कोण आणणार, चहाला दूध किती लागेल— सगळं आदल्या दिवशी लिहून काढते आणि होईल तसं एकेक खोडते. गेल्या महिन्यात एका डॉक्टरबाईंचं भाषणही मीच ठेवलं. विषय असा, की निम्म्या बायका पदर तोंडाला लावून बसल्या. एखादीवर जबरदस्ती झाली तर पुढे काय करायचं? डॉक्टरबाई स्पष्ट बोलल्या. ती सांगते ते खरं माना. तिला दोष देऊ नका. आणि लगेच आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. आहेत तसे पोलिसांकडे द्या.

शेजारच्या इलाबेन म्हणाल्या, "हाय हाय, आ तो कोईने खबरज नथी!"

त्यावर लीलाकाकूंनी माझ्याकडे बोट केलं. "आमच्या कुसुमलाच विचारा ना. त्या सुमीला स्वतःच्या हातांनी न्हाऊ घातलं हिनं. बिचारीला काय ठाऊक असणार! पण माया बघा."

सगळ्या माझ्याकडे कौतुकानं बघायला लागल्या. मी चहा उकळला का ते पाहायला उठले.

सुमी आमच्याकडे धुणंभांडी करायची. साठच्या दशकातली गोष्ट. बाप खानदेशातून येऊन उधन्याला लूमवर लागलेला. पोरगी वीस वर्षांची, तोंडाची फटकळ. माझी शिस्त बघून म्हणायची, "ताई, तुम्ही देवलेबी रांगमा उभा करशात!" तिचं लग्न ठरलं होतं. माझ्या धाकट्या भावाचंही ठरलं होतं— वसंताचं. तो नोकरीसाठी आमच्याकडेच राहायचा.

एका दुपारी मी भाजी घेऊन आले, तर सुमी मोरीच्या कडेला बसलेली. पोलकं फाटलेलं. वसंता घरात नव्हता. तिनं सांगितलं— त्याचं नाव घेऊन सांगितलं. मग म्हणाली, "ताई, माले घर जावानं नही. तुम्ही सांगा, काय करू?"

मी म्हणेन ते ती करणार होती. चौकीवर चल म्हटलं असतं, तर माझा हात धरून आली असती.

मी बंब पेटवला.

तुम्हाला वाटेल, माझा तिच्यावर विश्वास बसला नसेल. बसला होता. पहिल्या शब्दाला बसला होता. म्हणून तर घाई केली. माझे यजमान कोर्टात कारकून. रोज पानावर बसले की खटले सांगायचे— अमक्यात कपडे सापडले म्हणून शिक्षा झाली, तमक्यात घरच्यांनी धुऊन टाकले म्हणून तो सुटला. मी पोळी वाढता वाढता ऐकायची. तेव्हा 'बिचारीला काय ठाऊक' हे खरं नाही. मला ठाऊक होतं. पाणी तापेपर्यंत विचार केला, असंही नाही. भाजीची पिशवी खाली ठेवायच्या आधीच माझं ठरलं होतं.

तिला कढत पाण्यानं आंघोळ घातली. डोक्यावरून घातली. तिचे कपडे सोडा टाकून उकळले, दोनदा पिळले. माझी निळी साडी तिला नेसवली आणि गरम भात वाढला. ती माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.

संध्याकाळी बाप तिला घेऊन चौकीवर गेला. तिथे कपडे मागितले. "ताईनी धुई टाकात," ती म्हणाली. हवालदार मला विचारायला घरी आला. मी म्हटलं, मला तर मोरीत घसरून पडले म्हणाली होती. एवढ्यावर थांबले असते तरी भागलं असतं. पण मी आणखी म्हटलं, पोरगी जरा चालूच आहे.

ते त्यानं विचारलं नव्हतं.

वसंताचं लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं. पंगतीची व्यवस्था माझी. कुठे काही कमी पडलं नाही. सुमीचं ठरलेलं लग्न मोडलं. वस्तीत तिला 'चालू' म्हणायला लागले— तो शब्द माझ्याच घरातून गेला होता.

खानदेशात परत जायच्या आधी ती दारात आली. तोवर तिचा बाप वकिलाकडे जाऊन आला होता. कपडे धुतल्यानं काय झालं, ते तिला कळलं होतं. आत ये म्हटलं, तर आली नाही. निळी साडी पुढे केली. धुतलेली, घडी घातलेली.

"धुईसन आणेल शे, ताई. डाग ऱ्हायना का, देखी ल्या."

मी घडी उलगडली. तिच्यासमोर उजेडात धरून साडी दोन्ही बाजूंनी पाहिली. एकही डाग नव्हता.

पुढे कितीतरी वर्षं मी ती घरात नेसत होते.