जिवंतपणी नेसलेलं लुगडं

साताऱ्याच्या डॉक्टरांनी ‘आता घरीच न्या, आवडेल ते खाऊ घाला’ असं सांगितलं, तेव्हापासून घर माझ्याशी फार गोड वागायला लागलं. उभ्या जन्मात मला चहा न विचारलेल्या सासूबाई कप हातात आणून द्यायच्या. आणि ह्यांनी आपलं अंथरूण बाहेर सोप्यात नेलं. म्हणे, “तुला तरास नको.” ह्यांची सगळी उमेदीची वर्षं फौजेत गेली. सुट्टीवर यायचे तेव्हा माझ्यापासून हलायचे नाहीत. आता कायमचे घरी होते, तर मधे भिंत. मला मरणाची भीती होतीच. पण कुणी जवळ न घेता मरण्याची जास्त होती. सांगणार कुणाला? आजारी बाईनं औषध मागावं, नवरा मागू नये.

एका दुपारी घरचे उंब्रजला लग्नाला गेले. हे माझ्यासाठी मागे राहिले आणि औषधं आणायला रहिमतपूरला गेले. थंडी वाजली म्हणून मी शाल शोधायला ट्रंक उघडली. तळाशी कोरं हिरवं लुगडं होतं, जरीकाठी, सोबत हिरव्या बांगड्या. आमच्याकडे सवाष्ण गेली की तिला हिरवं नेसवतात आणि ते तिच्या माहेरहून येतं. माहेरची वहिनी मागे मला भेटायला आली तेव्हा तिच्या हातात भरलेली पिशवी होती, जाताना नव्हती. ऐनवेळी धावाधाव नको म्हणून आधीच देऊन गेली. बाई मोठी हुशार!

मला संताप आला. भाऊबीजेला एवढं भारी कधी दिलं नव्हतं, आणि मेल्यावर मला काय दिसणार होतं? मी ते नेसले. निऱ्या घालताना दोनदा बसावं लागलं. कुंकू लावून आरशात बघितलं. तिथे माझी तयारी झालेली होती.

हे आले ते दारातच थिजले.

“काढ ते. आदी काढ!”

“तुमाला ठावं हुतं व्हय?”

त्यांनी मान खाली घातली.

“आवं, जित्ती हाय मी. हात लावून बघा.”

“भ्या वाटतंय गं. तुझ्याकडं बघितलं की तू दिसतच न्हाईस. निजवल्याली दिसतीस.”

म्हणजे ह्यांनी मला केव्हाच पोचवलं होतं, आणि घरात वावरत होती ती माझ्या मागे उरलेली कुणीतरी. मी मोठ्यानं रडले. “मग जाईपातूर मला एकटीलाच ठेवणार?”

ते शेजारी येऊन बसले. त्यांचा हात मी धरून माझ्या कमरेवर ठेवला. या वयात मला लाज वाटली, आणि सुखही. आम्ही आडवे झालो. लुगडं पार चुरगळलं. मला घट्ट धरलं होतं त्यांनी, पण डोळे गच्च मिटून.

“डोळं उघडा,” मी म्हणाले. “माज्याकडं बघा.”

त्यांनी उघडले. मला बघून दचकले. पण परत मिटले नाहीत.