उंदराचे तोंड कोणाच्या अंगणाकडे होते

आमच्या गावात लग्नाची पंगत उठून सुपारी कातरली जाऊ लागली, की आजही कोणीतरी माळावरच्या मुकामाची गोष्ट काढतो. सांगणाऱ्यांपैकी निम्मे तेव्हा जन्मलेले नव्हते आणि उरलेले आईचा पदर धरून चालत होते. त्यांच्या सांगण्याप्रमाणे, मी माझ्या अंगणातला मेलेला उंदीर काठीने शेजाऱ्याच्या अंगणात ढकलला, त्याला बायकापोरांसह ओढ्यापलीकडे घालवले, आणि माझे पाप उघडे पडल्यावर गावाने मलाही हाकलून दिले. गेल्या लग्नात हे माझ्यादेखत सांगितले गेले. सांगणारा त्या शेजाऱ्याचा थोरला मुलगा. मी समोर बसलो आहे हे त्याला नीट दिसत होते. परक्याच्या मांडवात भांडण उभे करण्याइतका मी असभ्य नाही, म्हणून तेथे गप्प राहिलो. उत्तर येथे देतो. माझ्यावर ठपका ठेवायचा असेल तर अवश्य ठेवावा. पण मी जे केले त्याचा ठेवावा.

काळ निजामाचा. पोलीस कारवाईला अजून आठ-नऊ वर्षे अवकाश होता. दिवाळी झाली, थंडी पडली आणि गावात उंदीर पडू लागले. आजच्या वाचकाला याचा अर्थ सांगावा लागेल. प्लेग माणसाच्या आधी उंदराला होत असे. भरदिवसा उंदीर झिंगत माजघरात आला आणि मधोमध मरून पडला, की त्या घरात कोणाच्या तरी काखेत गाठ यायला आठवडाही लागत नसे. म्हणून अख्खे गाव उठायचे. वेशीत बाभळीच्या फांद्या ओढून माणसे माळावर खोपी घालून राहायची आणि उन्हे तापल्यावर घरी परतायची. ताडकळसच्या बाजारात आमच्या गावचा माणूस ओळखू आला तर दुकानदार हात करून लांबूनच बोलायचा.

मी तहसिलीच्या शाळेत उर्दू शिकलो होतो आणि गावाचे अर्ज मीच लिहीत असे. म्हणून पोलीस पाटलांनी मुकामाची मांडणी माझ्याकडे सोपवली. मी नांगर धरून तास, म्हणजे जमिनीत नांगराच्या रेघा, मारले आणि प्रत्येक घराला दोन तासांमधली जागा नेमून दिली. नियमही मीच सुचवले. गावातून आणलेली वस्तू तीन दिवस उन्हात टाकल्याशिवाय खोपीत न्यायची नाही. मांजरे गावातच सोडायची, म्हणजे ती उंदरांचा फडशा पाडून घरे साफ करतील. आणि ज्याच्या अंगणात मेलेला उंदीर सापडेल, त्याने त्याच दिवशी बिऱ्हाड उचलून ओढ्यापलीकडे जायचे आणि पंधरा दिवस परतायचे नाही. मांजरांच्या नियमावर तर जुन्या माणसांनीही मान डोलावली होती.

माझ्या शेजारची जागा ज्याच्या वाट्याला आली, त्याचे घर गावात दुसऱ्या टोकाला होते. गावात वर्षातून चारदा आमची गाठ पडत असेल. माळावर मात्र त्याचे खोकणेही मला ऐकू येई आणि माझे जेवणही त्याला दिसे. पहिल्याच सकाळी तो कमरेवर हात ठेवून तासापाशी उभा राहिला.

"मुन्शीजी, तास सरळ मारलाय का जरा आमच्याकडं झुकवून?"

"सरळ हाय. बघणाऱ्याचे डोळे तिरके असतील तर नांगरानं काय करावं?"

त्याने खोपीची भिंत कडब्याची केली होती. मी माझी तुराट्यांची करून शेणामातीने लिंपली होती आणि त्यालाही तसे सांगितले होते. चौथ्या दिवशी माझ्या बैलाने दावे ताणून त्याच्या भिंतीला तोंड घातले.

"अवो, तुमचा बैल आमचं घर खायलाय!"

"कडब्याचं घर बांधल्यावर बैलानं काय नमस्कार करावा का त्याला?"

त्याची बायको आतून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, मुन्शीच्या बैलाला तरी चव कळती." तिच्या जिभेपुढे मी कधी टिकलो नाही, हे मान्य करतो.

मुलांची गोष्ट वेगळी होती. माझी सात वर्षांची मुलगी आणि त्याची तेवढीच मुलगी एकमेकींना सोडत नसत. त्याचे दोन मुलगे आणि माझा एक, हरभऱ्याचे डहाळे उपटून आणत आणि तासावरच भाजून खात. मी माझ्या मुलीला दोनदा ओढून आणले. तिसऱ्यांदा ओढून आणायला गेलो तेव्हा त्या दोघी मिळून माझ्याकडे पाहून हसल्या.

उंदीर सापडला तो पौषातल्या एका सकाळी. तो तासावर आडवा पडला होता. तोंड शेजाऱ्याच्या अंगणात, शेपूट माझ्या. काठी माझ्या हातात होती हे खरे आहे. मी बैलांकडे निघालो होतो. ती काठी मी उंदराला लावली नाही. ज्यांना हे खोटे वाटते त्यांनी एवढा विचार करावा, की मला ढकलायचाच असता तर मी शेपूट माझ्याकडे कशाला ठेवले असते?

मला त्या वेळी काय वाटले, तेही लिहितो. माझे धाकटे लेकरू आठ महिन्यांचे होते आणि बाळंतपणानंतर माझी पत्नी अजून सावरली नव्हती. मुकामातल्या विहिरीवरून एक घागर आणताना ती दोनदा बसत असे. ओढ्यापलीकडे विहीर नव्हती, झाड नव्हते, आणि सगळा वारा तिकडून येत असे. तिकडे जाणे म्हणजे ते लेकरू हातचे घालवणे, असे मी धरून चाललो होतो. उरलेले सगळे मी या एका गोष्टीसाठी केले.

पोलीस पाटील आणि चार जुनी माणसे आली. शेजारी आधी बोलला.

"तोंड आमच्याकडं हाय, म्हंजे त्यो आला तुमच्याकडून. पाव्हणा आल्यावर तोंड घराकडं करतो का पाठ?"

मी म्हणालो, "मरायला टेकलेला जीव आपल्या घराकडं जातो. त्यो घरी निघाला होता. घर कोणतं, ते तोंड सांगायलंय."

"मंग शेपूट काय सांगायलंय, मुन्शी? अर्ज लिहायलंय का?"

लोक हसले. पोलीस पाटील हसले नाहीत. त्यांच्या घरातला एक माणूस त्याच आठवड्यात गेला होता. ते म्हणाले, "मला दोघांचं बी ऐकायचं न्हाई. काय करू ते सांगा."

तेव्हा मी म्हणालो, "झडती घ्या. दोन्ही खोपींची."

माझ्या खोपीत काही सापडले नाही. त्याच्या खोपीत धाकट्या मुलाच्या अंगाखाली एक गोधडी निघाली. ती आदल्याच दिवशी त्याच्या बायकोने गावातल्या घरातून आणली होती. तिने उन्हात घातली होती. पण तीन दिवस नव्हे, एक दुपार. पोराला खोकला होता, असे ती म्हणाली. गोधडीचा आणि उंदराचा संबंध आहे, असे मी म्हणालो नाही. तसे म्हणण्याची मला गरजच पडली नाही. सगळ्यांनी गोधडीकडे पाहिले आणि निकाल लागला.

संध्याकाळच्या आत ते ओढ्यापलीकडे गेले. जाताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही. त्याच्या बायकोने पाहिले आणि ती म्हणाली, "मुन्शी, गोधडी तेवढी ठिवून जाऊ का? तुमच्या लेकराला लागंल."

तिसऱ्या दिवशी सकाळी बैलांना टाकण्यासाठी मी माझ्या गंजीतून कडब्याच्या पेंढ्या काढत होतो. ही गंजी माझ्या अंगणात, तासाला लागून होती. खालची पेंढी ओढली आणि आत पोकळी दिसली. पोकळीत जुन्या लुगड्याचा तुकडा अंथरलेला, त्यावर मांजरीची तीन पिल्ले, शेजारी दुधाची वाटी. आणि वाटीला लागून अर्धा खाल्लेला उंदीर.

वाटी माझ्या घरची होती. लुगड्याचा तुकडा शेजारणीच्या लुगड्याचा होता. तो काठ मी महिनाभर रोज वाळत घातलेला पाहिला होता. मी मुलीला हाक मारली. मुलीने एकदा पिल्लांकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले आणि रडायच्या आधीच सगळे सांगून टाकले. मांजर शेजाऱ्याची. पोटुशी होती म्हणून तिला गावात सोडताना दोघींच्या जिवावर आले. त्यांनी तिला फडक्यात गुंडाळून आणले, गंजीत ठेवले आणि दोन्ही घरांतले दूध आळीपाळीने चोरून पाजले. मांजर मात्र दुधावर थांबणारी नव्हती. ती रोज अर्धा कोस चालून गावात जायची, झिंगलेले उंदीर सहज तोंडात धरायची आणि पिल्लांसाठी इकडे आणायची. माणसे गावाबाहेर पडली, मांजरे आत राहिली, आणि पकडायला सोपा एवढा एकच उंदीर गावात उरला होता, तो म्हणजे प्लेगचा. नियम करताना हे मला सुचले नाही. मान डोलावणाऱ्यांनाही सुचले नाही. पण नियम त्यांचा नव्हता.

उंदीर मी चिमट्याने उचलून लुगड्यासकट जाळला. मांजर आणि पिल्ले टोपलीत घालून वेशीच्या आत सोडून आलो. मुलीला म्हणालो, "कोणाला सांगायचं न्हाई." आणि त्या दिवशी मी कोणालाच काही सांगितले नाही.

हा माझा दोष. उंदीर ढकलल्याचा खोटा आरोप ज्यांनी पन्नास वर्षे केला, त्यांना तो एक अख्खा दिवस कधी सापडला नाही. त्या दिवशी दुपारी ओढ्याकडून येणारा एक माणूस म्हणाला, की शेजाऱ्याचे धाकटे पोर तापले आहे. मी ऐकले, मान हलवली आणि बैलांना पाणी दाखवायला गेलो. माझे लेकरू खोपीत लिंपलेल्या भिंतीआड झोपले होते. त्या दोन पोरांत मी एकाची निवड केली. तसाच प्रसंग आला तर आजही मी दुसरी निवड करीन, असे माझ्याने सांगवत नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायला मी ओढ्यावर गेलो. मन पालटले वगैरे जे कोणी कीर्तनात सांगतात तसे काही झाले नव्हते. मुलगी जेवत नव्हती, एवढेच. शेजारी ओढ्याकाठच्या वाळूत खड्डा करून पिण्याचे स्वच्छ पाणी झिरपण्याची वाट पाहत बसला होता. मी अलीकडच्या काठावरून त्याला गंजीतली सगळी हकिगत सांगितली.

त्याने वाळूची ओंजळ बाहेर टाकली. मग म्हणाला, "मला कशाला सांगायलास? मी तर हितंच हाय. पाटलाला सांग."

"पाटलाला सांगितलं तर मलाबी हितंच यावं लागंल."

"मंग न्हाई का यायचं?" तो म्हणाला. "जागा लय हाय."

"पोराचा ताप कसा हाय?"

"गाठ न्हाई. खोकल्याचा हाय. तुला काय करायचंय?" एवढे बोलून तो परत खड्ड्यात वाकला.

मी तेथून थेट पोलीस पाटलांकडे गेलो आणि चार माणसांदेखत सांगितले. माझ्या मनात होते, की खरे कळल्यावर ते त्याला परत बोलावतील आणि मांजरांचा नियम बदलतील. त्यांनी दुसरी गोष्ट केली, पहिली नाही. ते म्हणाले, "उंदीर दोघांच्याबी अंगणात आला. नियम तुमचाच हाय, मुन्शी. तुमीच वाचून दाखवला होता." येथे कोणी मला हाकलले, असे म्हणणाऱ्याने लक्षात घ्यावे, की पाटलांच्या दारात मी होऊन गेलो होतो. मी गेलो नसतो तर लुगड्याच्या राखेबरोबर हा विषय संपला असता.

दुपारी गाडी जुंपली. पत्नी लेकराला घेऊन पुढे बसली, मुलगा आणि मुलगी गोणपाटांवर. ओढ्याला पाणी घोटाभर होते, पण तळाची माती काळी आणि बसकी. मध्यावर डावे चाक आसापर्यंत रुतले. बैलांनी दोनदा जोर केला आणि गाडी आणखी कलली. पत्नीने लेकरू छातीशी धरले.

शेजारी पलीकडच्या काठावर हाताची घडी घालून उभा होता. त्याचे दोन्ही मुलगे त्याच्या बाजूला. त्याची बायको लुगडे खोचून पाण्यात उतरू लागली, तेव्हा तो तिला म्हणाला, "पोरं उतरून घे. बाकीचं त्याचं त्यो बघंल."

तिने माझे लेकरू घेतले, मग मुलीला कडेवर, मुलाला हाताला धरून नेले, आणि शेवटी माझ्या पत्नीच्या दंडाला धरून तिला पलीकडे उतरवले. काठावर पोहोचताच दोघी मुली पळाल्या. कोणत्या मोठ्या माणसाने काय केले आहे, याच्याशी त्यांना काही देणेघेणे नव्हते.

त्याने हात लावला नाही आणि मीही त्याला हाक मारली नाही. मी सामान डोक्यावरून पलीकडे नेऊन उतरवले, चाकासमोरची माती हातांनी उकरली, खाली तुराट्या भरल्या, चाकाच्या आऱ्यांना खांदा दिला आणि बैलांना हाकले. सूर्य कलला तेव्हा गाडी काठाला लागली. त्याच्या खोपीपासून तीस पावलांवर मी माझी खोप उभारली. पुढचे सगळे दिवस आम्ही दोघे एकाच खड्ड्यातले पाणी भरत होतो आणि एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हतो. दोन्ही घरांत कोणालाही गाठ आली नाही.

त्याच्या थोरल्या मुलाला गोष्ट सांगायचीच असेल, तर त्याने गाडीची सांगावी. तो दुपारभर काठावर उभा होता आणि त्याने सगळे पाहिले आहे.