मलकापूरचे चार रॅक आणि मिलिंदभाऊंचे शब्द

मी खरं तर नाहीच म्हणणार होते. माझं काम फिरतीचं, पण रुक्ष. कंपन्यांच्या सर्व्हर रूममध्ये जायचं, कुठलं यंत्र कुठे आहे, कुठली वायर कुठून कुठे जाते, ते सगळं लिहून काढायचं आणि फाइल हातात देऊन परतायचं. जानेवारीत मलकापूरहून राजूभाऊंचा फोन आला तेव्हा मी नुकतीच हैदराबादहून पुण्याला परतले होते आणि पाठ दुखत होती.

राजूभाऊंचा केबल इंटरनेटचा व्यवसाय. स्टेशन रोडला एका कापसाच्या पेढीच्या वरच्या मजल्यावर त्यांनी आणि त्यांच्या भागीदाराने, मिलिंदभाऊंनी, छोटं डेटा सेंटर काढलेलं. चार रॅक, म्हणजे यंत्रं ठेवायची चार उंच लोखंडी कपाटं. गावातली मंडळी आपापले सर्व्हर तिथे आणून ठेवतात. वीज, थंडावा आणि इंटरनेटची लाइन यांची. सगळी जोडणी मिलिंदभाऊंच्या हातची आणि सगळी त्यांच्या डोक्यात. दिवाळीनंतर त्यांना मेंदूचा झटका आला. आता तिथल्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाने, एका खाजगी दवाखान्याने, सांगितलं होतं की आठ दिवसांत लेखी नोंद द्या, नाहीतर आम्ही आमची यंत्रं जळगावला हलवतो. तो दवाखाना गेला तर खोली चालवणं परवडणार नव्हतं.

मी विचार करून सांगते म्हटलं. संध्याकाळी दुसरा फोन आला, मिलिंदभाऊंच्या पत्नीचा, वैशालीताईंचा. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्या एवढंच म्हणाल्या, "त्याईले सगळं माहीत हाये. फक्त शब्द येत नाही. तुमी या, पण घाई करू नोका."

मी तिकीट काढलं.

पुण्याहून नागपूरकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या मलकापूरला थांबतात; दहा-अकरा तास धरून चाला. सकाळी उतरलं की थंडी चांगलीच बोचते, शाल हाताशी ठेवा. स्टेशनजवळची लॉज साधी पण स्वच्छ, गरम पाणी मात्र आठपर्यंतच. रस्त्यावर कापसाने फुगलेल्या गाड्यांची रांग लागलेली होती आणि हवेत पांढरे तंतू तरंगत होते.

ते तंतूच या डेटा सेंटरचे मुख्य शत्रू. कापसाच्या हंगामात एसीच्या जाळ्या दर दोन दिवसांनी धुवाव्या लागतात. मी आत गेले तेव्हा खिडकीच्या फटींना ओल्या धोतराच्या पट्ट्या लावलेल्या दिसल्या. ही युक्तीही मिलिंदभाऊंचीच. खोली मात्र नीटनेटकी होती. वायरी रंगांप्रमाणे वेगळ्या करून बांधलेल्या, एकही लोंबत नव्हती. फक्त एकाही वायरीवर चिठ्ठी नव्हती. ज्याला सगळं पाठ आहे तो चिठ्ठ्या कशाला लावेल?

पहिला दिवस मी एकटीने काम केलं. प्रत्येक रॅकचे पुढून-मागून फोटो, खालून वर क्रमांक, यंत्राचं नाव, अनुक्रमांक, कुठल्या प्लगला जोडलं आहे. दुपारी राजूभाऊंनी घरून कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा पाठवला. ठेचा जपून खा, असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी वैशालीताईंनी सुट्टी काढली आणि मिलिंदभाऊंना घेऊन आल्या. उंच, सडपातळ, पन्नाशीच्या आतले. उजवा हात थोडा अशक्त, पण चालणं ठीक. त्यांनी मला नमस्कार केला, तोंड उघडलं, आणि शब्द आला नाही. मी पटकन "प्रवास छान झाला" असं म्हणून टाकलं. वैशालीताईंनी मला दाराबाहेर नेऊन हळूच सांगितलं, की ते शब्द शोधत असतात तेव्हा आपण आपला शब्द पुढे करायचा नाही. केला, की त्यांचा सापडत आलेला शब्द हरवतो. आणि चुकीचा शब्द आला तरी हसायचं नाही. शाळेतल्या पोरांसारखं त्यांना शिकवायचं नाही, हा नियम त्यांनी स्वतःलाही घातला होता.

मग आम्ही पद्धत बसवली. मी वायरीला हात लावायचा, दुसरं टोक कुठे असेल ते विचारायचं, आणि थांबायचं. मिलिंदभाऊ डाव्या हाताने दाखवायचे. कधी शब्द यायचा, कधी भलताच यायचा. ओळीने वायरी खोचायच्या डब्याला, स्विचला, ते एकदा "शिडी" म्हणाले, एकदा "काकडी" म्हणाले, आणि काकडीवर स्वतःच हसले. तेव्हा आम्हीही हसलो. पण बोट एकदाही चुकलं नाही. दाखवतील तिथे वायर निघायची. दोन्ही टोकांना चिठ्ठी लावली की ते चिठ्ठी अंगठ्याने दाबून बसवायचे.

दुपारी तिसऱ्या रॅकच्या तळाशी एक जुनाट काळा संगणक सापडला. स्क्रीन नाही, नाव नाही, वर धूळ. राजूभाऊ म्हणाले, हे भंगार आहे, जागा अडवून बसलंय, बंद करून टाका. मी वहीत "वापरात नाही" असं लिहिलं आणि प्लग काढायला वाकले. भाऊंनी माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं.

"विहीर," ते म्हणाले.

राजूभाऊंनी मान खाली घातली. त्यांना वाटलं, पुन्हा भलताच शब्द आला. मला वाटलं मी थांबावं. भाऊ पुन्हा म्हणाले, "विहीर." आणि चारही रॅककडे हात फिरवला.

मी त्या संगणकाला स्क्रीन आणि कीबोर्ड जोडला. पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. भाऊ खुर्ची ओढून बसले आणि डाव्या हाताने टाइप करू लागले. तीन वेळा चुकलं. चौथ्यांदा त्यांनी डोळे मिटून टाइप केलं, आणि संगणक उघडला. स्क्रीनवर ओळींमागून ओळी धावायला लागल्या. आपण मोबाइलवर एखाद्या वेबसाइटचं नाव टाकतो तेव्हा तिचा खरा पत्ता कुणीतरी सांगावा लागतो. राजूभाऊंच्या केबलवरच्या प्रत्येक घराला, दुकानाला, दवाखान्यालासुद्धा तो पत्ता हाच डबा सांगत होता. सगळं गाव त्याच्यातून उपसत होतं. मी प्लग काढला असता तर दोन मिनिटांत राजूभाऊंचा फोन वाजायला लागला असता.

मी वहीतली ओळ खोडली. नावाच्या रकान्यात "विहीर" लिहिलं आणि भाऊंना दाखवलं. त्यांनी बराच वेळ त्या शब्दाकडे पाहिलं. राजूभाऊ चहा सांगायला खाली गेले.

तिसऱ्या दिवशी एक वायर उरली. तिचं टोक फायबरमधून बाहेर जात होतं. भाऊंनी कागदावर डाव्या हाताने "दे" काढलं. देऊळघाट, बुलढाण्याजवळचं गाव. तिथल्या एका दुकानात त्या लाइनचं दुसरं टोक होतं आणि तिथल्या राउटरची नोंद हवी होती. फोनवर फोटो मागवता आला असता. पण भाऊ चपला घालून दारात उभे होते, म्हणून ते, वैशालीताई आणि मी, असे तिघंही निघालो.

मलकापूरहून मोताळ्यावरून बुलढाण्याला एसटी भरपूर आहेत, सव्वा तास लागतो. डावीकडची खिडकी मिळाली तर घ्या. राजूर घाटात सागाचं पिवळं जंगल आणि खाली पसरलेली शेतं दिसतात. बायकांना अर्धं तिकीट. कंडक्टर आला तेव्हा मी पैसे काढत होते, वैशालीताईंनी माझा हात दाबला. भाऊंनीच बोलायला सुरुवात केली होती. "एक..." मग थांबले. मागे अजून तिकिटं फाडायची होती. मागून कुणीतरी घाई करा म्हणालं. कंडक्टरने भाऊंच्या तोंडाकडे पाहिलं, मशीन खाली घेतलं आणि सीटला टेकला. "आरामात सांगा काका. मोटर घाट चढून राह्यली, घाई कोनाले हाये?"

"एक फुल," भाऊ म्हणाले. "दोन... हाफ. बुलढाणा."

वैशालीताई खिडकीबाहेर बघायला लागल्या. बुलढाणा येईपर्यंत त्यांनी मान आत वळवली नाही.

बुलढाण्याहून देऊळघाट जवळच आहे, जीपही मिळते. लाइनचं दुसरं टोक शबानाआपांच्या दुकानात निघालं. शाळा-कॉलेजचे फॉर्म, दाखले, पीक विम्याचे अर्ज, सगळं त्या भरून देतात. भाऊंना पाहून त्यांनी रांगेतल्या लोकांना बसायला सांगितलं, चहा मागवला आणि अखंड बोलत राहिल्या; पाऊस, पोरांची लग्नं, लाइन कधी बंद पडली, कधी आली. भाऊ नुसते हसत होते. मी राउटरचे फोटो काढताना त्यांना झटक्याबद्दल सांगायला लागले, तर आपा म्हणाल्या, "मले माहीत हाये ना. भाऊ पहिले बी कमीच बोलत होते. आता डॉक्टरनं तसा कागद देला, बस."

दोन दिवसांत भाऊंना इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी छपाई केली. बासष्ट पानं, निळी फाइल. दवाखान्याचे व्यवस्थापक येऊन चाळून गेले आणि त्यांची यंत्रं इथेच राहतील म्हणाले. राजूभाऊंनी पेढे आणले. मग त्यांनी भाऊंच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की पुढच्या महिन्यापासून नांदुऱ्याची एक इंजिनिअर मुलगी येणार आहे, आता सगळं कागदावर आलंय, तेव्हा भाऊंनी घरी निवांत आराम करावा. ते मनापासूनच बोलत होते. भाऊंनी फाइल टेबलावर सरळ केली. पुन्हा सरळ केली. पेढा हातातच होता.

त्यांच्या डोक्यातलं सगळं मीच तर कागदावर उतरवून घेतलं होतं. गाडीची वेळ झाली, म्हणून निघाले.

पुण्यात आल्यावर पुढची कामं सुरू झाली. एक फरक मात्र माझा मलाच जाणवला: मीटिंगमध्ये समोरचा अडखळला की मी त्याचं वाक्य पुरं करायची, ती सवय सुटत चालली. लोक थोडं थांबलं की पुढचं सांगतात. आपण बोललो असतो त्याहून वेगळं सांगतात.

महिनाभराने एका रविवारी सकाळी वैशालीताईंचा फोन आला. म्हणाल्या, भाऊ रोज सकाळी फाइलचं एक पान मोठ्याने वाचतात. वाचनाच्या सरावासाठी आणलेली पहिलीची पुस्तकं त्यांनी बाजूला सारली होती, पण ही फाइल स्वतः मागून घेतली. वर्तमानपत्राच्या दोन ओळीही अजून पुऱ्या होत नाहीत, पण हे शब्द त्यांचेच, म्हणून येतात. नवी इंजिनिअर मुलगी दुपारी घरी येऊन शंका विचारते. राजूभाऊंना ते आधी कळलं नव्हतं. कळलं तेव्हा त्यांनी रोज अकरा वाजता भाऊंना न्यायला गाडी पाठवायला सुरुवात केली.

"तुमाले काही वाचून दाखवायचं म्हणून राह्यले," वैशालीताई म्हणाल्या आणि फोन त्यांच्याकडे दिला.

कागदाचा आवाज आला. मग भाऊंचा. सावकाश, प्रत्येक शब्दावर पाय रोवत. "रॅक दोन. स्विच... वरचा. पोर्ट सहा, दवाखाना. पोर्ट सात..." इथे ते थांबले. शेजारच्या गच्चीत कुणीतरी सतरंजी झटकत होतं, ते ऐकत राहिले.

"चूक," भाऊ म्हणाले.

मी विचारलं, काय चुकलं?

"सात नाही. नऊ."

लॅपटॉप उघडला, त्या दिवशीचा फोटो शोधला, मोठा करून पाहिला. वायर नवव्या पोर्टमध्येच होती. मीच चुकीचं लिहिलं होतं. माझ्या पंधरा वर्षांच्या कामात माझी नोंद कुणी तपासून परत पाठवल्याचं मला आठवत नाही.

"भाऊ, बरोबर आहे तुमचं," मी म्हटलं. "अजून चुका आहेत का?"

"हाव," ते म्हणाले. आणि मग, न अडखळता, "लई."

मी चहाखालचा गॅस बंद केला, खुर्ची ओढली आणि नवी फाइल उघडली. वर लिहिलं, आवृत्ती दुसरी. तपासणार, मिलिंदभाऊ. मग त्यांना म्हटलं, सांगा, मी लिहून घेते.