सगुणाबाईचं पान

भाद्रपद उतरणीला लागला, की मुळशीच्या भातखाचरांतून आंबेमोहोराचा गंध उठतो. दाण्यात अजून धड दूधही भरलेलं नसतं, रोप नुसतं फुलोऱ्यावर आलेलं असतं. पण एक झुळूक अंगावरून गेली, की ऐन भाद्रपदात आंबा मोहोरल्याचा भास होतो. उरवड्यातल्या कारखान्यांचा धूर, भाड्याच्या खोल्यांपुढे वाळत घातलेले कामगारांचे गणवेश, मालट्रकांचा अखंड गडगडाट, हे सगळं ओलांडून तो गंध आमच्या ओसरीवर येऊन बसतो. काय त्याची चिकाटी! जमिनी विकून विकून आमची दोनच खाचरं उरली आहेत, पण दरवळ मात्र जुन्या अख्ख्या मळ्याचा. तुम्ही हसाल, पण आमच्याकडे पितृपक्ष पंचांगाला नंतर आणि नाकाला आधी कळतो.

घरचे सगळे पितर नानीच्या ताब्यात आहेत. नानी म्हणजे माझी थोरली चुलती. ऐंशी ओलांडली, काका जाऊनही पुष्कळ वर्षं झाली, तरी पितरांच्या स्वयंपाकात मिठाचा खडासुद्धा तिला विचारल्यावाचून पडत नाही. नवऱ्याआधी, भरल्या कपाळानं गेलेल्या बायकांसाठी या पंधरवड्यातली नवमी राखलेली असते. त्या दिवशी माझ्या पणजीच्या, सगुणाबाईच्या नावानं, नानी एक सवाष्ण जेवू घालते. सवाष्णीला कुंकू लावायचं, तिची ओटी भरायची, ते काम मात्र नानीच्या सूनबाईचं. नानी विधवा, म्हणून ती त्या वेळी आत थांबते. हा नियम तुझ्यावर कुणी लादला, असं मी एकदा तावातावानं विचारलं, तर म्हणाली, "लादाया कशाला पायजे? आपलं आपल्याला कळतं."

मागल्या वर्षी जेवणाला आलेल्या एका पाहुणीनं भरल्या ताटावर शंका काढली. सगुणाबाईचा नवरा म्हणे लढाईत मेला. मग ही बाई सवाष्ण गेली कशी, आणि तिला नवमीचं पान कसं चालेल? झालं! नानीच्या हातातली पळी हातातच राहिली. पाहुणी वरणभात ओरपून निघून गेली, नानीचा मात्र घास उतरेना. "दिस चुकला आसंल तर तिला पोचलंच न्हाई म्हनायचं," ती मला म्हणाली. "इतकी वर्सं माझ्या हातनं उपाशी ऱ्हायली गं ती! तू शिकल्याली हायेस, काय ते हुडकून काड. मला वर जाऊन तिला त्वांड दावायचं हाय."

घरात ठाऊक होतं ते इतकंच. पहिल्या महायुद्धात माझे पणजोबा खेचरं हाकायला म्हणून पलटणीबरोबर साता समुद्रापार गेले आणि परतले नाहीत. भरतीच्या वेळी नाव-गाव खोटं सांगितलं होतं म्हणतात. त्यामुळे सरकारी निरोपही आला नाही. पुढे भाऊबंदांनी सगुणाबाईला बांगड्या फोडायला सांगितलं, तेव्हा ती कडाडली, "मढं दावा, मंग फोडते!" आणि मरेपर्यंत तिनं रुपयाएवढं कुंकू लावलं. केवढा हा विश्वास, केवढी ही प्रतीक्षा! लहानपणापासून आम्ही हे ऐकत आलो आणि गहिवरत आलो. युद्धाच्या इतिहासात सेनापती असतात, तहाच्या अटी असतात. गुडघाभर चिखलात भाताची लावणी करत वाट पाहणाऱ्या बाईला तिथं कोण जागा देणार?

तिचं माहेर मुळशीच्या धरणात गेलं. गावातली माणसं डोंगराच्या अंगाला वर सरकली, तिथं विचारत विचारत मी पारूबाईंच्या दारी पोचले. पारूबाई म्हणजे सगुणाबाईच्या धाकट्या बहिणीची लेक. नानीहूनही थकलेली, बोळक्या तोंडाची, पण जीभ कशी तलवारीसारखी. समोर अथांग पाणी उन्हात चकाकत होतं. सगुणाबाईच्या माहेरचं घर कुठं होतं, असं मी विचारलं, तर त्यांनी पाण्याकडे बोट केलं, "त्ये काय तितं." मग मी भीत भीत मूळ प्रश्न काढला, वाट पाहता पाहता सगुणाबाई गेली, पण नवऱ्याचं काय झालं ते कधी कळलं का? पारूबाई गडगडून हसल्या.

"वाट कसली बघती? मावशीला समदं ठावं व्हतं! संगं गेलेला गडी माघारी आला न्हवं का, त्यानं सांगितलं. ह्याच हातानं माती दिली म्हनला. मावशीनं त्येला भैरोबाची आन घातली, गावात बोलशील तर बघ. माहेर पान्याखाली जानार, सासरी दीर जमिनीवर टपलेला, कडंवर पोरगं. कुंकू पुसून जाती कुटं? फकस्त माज्या आईला सांगितलं व्हतं तिनं."

म्हणजे ती वाट पाहतच नव्हती! आम्ही जिला प्रतीक्षेची मूर्ती म्हणून पूजलं, ती रोज सकाळी आपलं वैधव्य कुंकवाखाली झाकून भाऊबंदांच्या तोंडासमोरून ताठ मानेनं शेतावर जात होती. मग ती रडली कधी? कुठं? लावणीच्या दिवसांत पावसाला अडवायला बायका डोक्यावर पानांचं इरलं घेऊन वाकतात, तिथं बाईचा चेहरा कुणालाच दिसत नाही. तिथंच रडली असेल बिचारी. परतताना माझा जीव तिच्यासाठी तुटत होता, आणि शपथेवर सांगते, तिचा अभिमानही वाटत होता.

पण नानीला काय सांगायचं? शास्त्रानं पाहिलं तर सगुणाबाई विधवाच, म्हणजे नवमीचं पान चुकलंच. खोटं बोलावं असं मनात आलं. पण नानीपुढे खोटं टिकत नाही, ती माणसाचा चेहरा वाचते. नवमीच्या आदल्या दुपारी ती अळूचे देठ सोलत बसली होती. मी तिच्याशेजारी टेकले आणि सगळं सांगून टाकलं. ती देठ सोलत राहिली.

"पान नवमीलाच वाडायचं," अखेर ती म्हणाली. "तिनं जल्मभर राकलेलं कुंकू पुसनारी मी कोन?"

मला हायसं वाटलं. शास्त्रानं जे सोडवता आलं नसतं, ते या बाईनं अळू निवडता निवडता सोडवलं, असं काहीबाही मी मनाशी म्हणतही होते. तेवढ्यात नानी खुदकन हसली. हसता हसता पदर डोळ्यांना लावला आणि भिंतीवरच्या काकांच्या तसबिरीकडे बघून म्हणाली,

"आमचं ह्ये गेलं त्ये समद्या गावादेखत गेलं गं. न्हाईतर मीबी कुनाला कळू दिलं नसतं."