भीमाशंकरची प्रयोगशाळा

शेतकी सोसायटीच्या गोदामात खताची पोती राखणं हा भीमाशंकरचा पोटापाण्याचा धंदा. पण कुणी विचारलं तर तो सांगायचा, "आपलं काम सीनशिनरीचं." गाव सास्तूरच्या बाजूचं. यात्रेत दरसाल नाटक व्हायचं आणि वाघापासून विमानापर्यंत त्यात जे जे लागेल ते भीमाशंकर करायचा. लोकही दरसाल पोटभर हसायचे. वाघाची शेपटी राजपुत्राच्या हातात आली तेव्हा हसले. विमान खाली आलं आणि राणी तेवढी वर लोंबकळत राहिली, तेव्हा तर म्हाताऱ्यांना ठसके लागले. लंकादहनासाठी त्यानं तेरखेड्याची शोभेची दारू आणली, ती लंकेच्या आधी पडद्याला लागली. लोक पळाले, पण पळता पळता हसले.

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. त्या साली शाळेतल्या हिंमतराव गुरुजींनी स्वतःच नाटक लिहिलं. एक वेडा शास्त्रज्ञ रसायन बनवतो, ते स्वतःच पितो आणि राक्षस होतो.

"भीमाशंकरआप्पा, प्रयोगशाळा पाहिजे. अशी, की बघताक्षणी लोकांच्या छातीत धस्स झालं पाहिजे."

"प्रयोगशाळा असती कशी, गुरुजी?"

गुरुजींनीही ती पुस्तकातच पाहिलेली. ते म्हणाले, "नळ्या असतात. बाटल्या असतात. आणि जवळ जायला भीती वाटते."

घरी येऊन भीमाशंकर बायकोला म्हणाला, "औंदा कुनी हसलं, तर सोडलं म्या हे काम. बसवण्णाची आन."

"दरसाल म्हनताव," शिवकांता भाकरी थापत बोलली.

"दरसाल आन घेतली व्हती का?"

तिनं मान वर करून बघितलं आणि पुढची चेष्टा गिळली. लोकांनी एकदा, फक्त एकदा, त्याच्या वस्तूपुढं श्वास रोखून धरावा, एवढंच त्या माणसाचं मागणं होतं.

नळ्या, बाटल्या आणि भीती. भीमाशंकरला अशी जागा गावात एकच ठाऊक होती: दूध सोसायटीची खोली. दुष्काळानंतर गावात म्हशी आल्या, म्हशींमागून सोसायटी आली, आणि सोसायटीत दूध तपासायला शिवकांताचा धाकटा भाऊ धुळाप्पा बसला. तो नळीत आधी ॲसिड सोडायचा, वर दूध. नळी आपोआप तापून तपकिरी पडायची. मग ती हँडलच्या यंत्रात गरागरा फिरवायची, आणि एक डोळा मिटून उजेडापुढं धरायची, की दुधात फॅट किती आणि भाव किती ते ठरायचं. त्या एका मिटलेल्या डोळ्याला सारा गाव टरकून होता.

भीमाशंकर दोन्ही वेळेला तिथं जाऊन बसू लागला.

"दाजी, तुमची म्हैस तर आटली की."

"म्हैस आटली. माझं डोळं आटलं न्हाईत."

एके दिवशी त्यानं ॲसिडची रिकामी बाटली मागितली. धुळाप्पानं उजव्या हाताची दोन बोटं पुढं केली. त्यांच्यावर पांढरे चट्टे होते. "एक थेंब उडाला व्हता. बाटली मागू नका दाजी. आत्ताबी न्हाय अन् पुढंबी न्हाय."

मग भीमाशंकरनं घर धुंडाळलं. फुटक्या कंदिलांच्या काचा आणि डॉक्टरकडची इंजेक्शनच्या शिश्यांची चवड आणली. उडालेल्या बल्बांच्या माना कापल्या आणि त्यांत निळीचं, हळदीचं, कुंकवाचं पाणी भरलं. सलाईनची नळी एका बल्बातून दुसऱ्यात गेली. खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळलं की फसफस व्हायची. हँडलचं यंत्र डालड्याच्या डब्याचं झालं. त्याची घरघर मात्र जमेना. शेवटी जातं पडद्यामागं न्यायचं ठरलं.

"रिकामं जातं फिरवू न्हाई, घराला अवदसा लागती," शिवकांता अडून बसली.

"मग वंजळभर जवारी घाल, पर फिरीव."

खरा जीव त्यानं ॲसिडच्या बाटलीत ओतला. फिनेलची काळी बाटली घासून घेतली. खरी बाटली येते तसं फळकुटांचं खोकं ठोकून त्यात कडब्याचा भुसा भरला आणि बाटली गळ्यापर्यंत त्यात पुरली. बुचाभोवती चुन्याचे ओघळ काढले. ॲसिड पाण्यासारखं पडत नाही, तेलासारखं जड पडतं, हे त्यानं हेरलं होतं. म्हणून गुळाचा पाक केला. पहिला घट्ट झाला, दुसरा पाणी. दोन्ही शिवकांतानं पोळीबरोबर वाढले.

यात्रेच्या दिवशी दिवेलागणीला पडदा उघडला. मागं कंदील, पुढं रंगीत बल्ब, उदाचा धूर, आणि आतून जात्याची घरघर. लोक गप्प झाले. भीमाशंकर विंगेत दोन्ही हात छातीशी घट्ट धरून उभा.

शास्त्रज्ञ झाला होता व्यंकट शिंपी. भीमाशंकरनं शिकवल्याप्रमाणं त्यानं नळी उचलली, उजेडापुढं धरली आणि एक डोळा मिटला.

मागून कुणीतरी ओरडलं, "फ्याट किती लागलं रं?"

झालं! अख्खा मांडव फुटला. केशरबाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "माज्या दुधात पानी न्हाई म्हनावं, म्हसच पातळ हाय!" सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेत बसलेल्या धुळाप्पाकडं वळल्या. तो कानापर्यंत लाल झाला होता.

विंगेत भीमाशंकरचे हात खाली आले. तो जात्यापाशी बसलेल्या शिवकांताला म्हणाला, "ऱ्हाऊ दे. संपलं."

पण ती थांबली नाही. तिकडं व्यंकट एवढ्या हसण्यानं बावचळला, मधली दोन पानं विसरला आणि थेट शेवटावर आला. त्यानं भुशातून काळी बाटली उपसली. "हे रसायन! हे पिऊन मी जगाचा स्वामी होणार!" आणि वाटीत धार धरली. जड, संथ, तेलासारखी.

पहिल्या रांगेतून किंकाळी आली.

"पिऊ नगंस! व्यंकट्या, मरशील!"

धुळाप्पा गॅसबत्ती ओलांडून स्टेजवर आला. त्यानं वाटी उडवली. व्यंकटच्या कोटावर शिंतोडे उडालेले बघून त्यानं कोट बटणांसकट टराटरा फाडून काढला. "पानी आना! आसीड हाय ते, हाड दिसंल हाड!"

मांडवात कुणी हललं नाही. बायकांनी पोरांची तोंडं पदरात दाबली. केशरबाई उभी होती ती खाली बसायची विसरली. आतली जात्याची घरघरसुद्धा थांबली.

धुळाप्पानं आपल्याच हाताकडं बघितलं. जळत नव्हतं. नाकाशी नेला, मग जिभेला लावला.

"गूळ," तो म्हणाला.

पुढं नाटक झालं नाही, कारण राक्षसाच्या अंगात कोट उरला नव्हता. व्यंकट तेवढा बटणं वेचत राहिला. धुळाप्पा तडक बहिणीच्या घरी गेला आणि ओसरीवर तोंड फिरवून बसला. भीमाशंकर त्याच्यासमोर जाऊन उकिडवा बसला. माफी मागायचं त्याच्या ध्यानातच नव्हतं.

"खरं सांग धुळाप्पा, पहिल्यांदा कशाला फसलास? भुशाला का वघळाला?"

"बोलू नका माज्यासंगं."

"एवढंच सांग. मग मार मला."

धुळाप्पानं चिकट बोटं एकमेकांवर घासली. मग नाइलाजानं म्हणाला, "धारंला. तशी धार दुसऱ्या कशाची पडत न्हाय."

"तिसरा पाक," भीमाशंकर हळूच म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते, पण तोंडभर हसू होतं.

"हसताव काय दाजी? दूध सोसायटीतनं बाटली चोरली तुमी, असं वाटलं मला. सख्ख्या दाजीला म्या मनात चोर ठरवलं!"

"ठरीव की!" भीमाशंकरनं त्याचा चिकट हात दोन्ही हातांत धरला. "आजवर माज्या वस्तूला कुनी चोरीचा माल म्हनलं व्हतं का?"