सव्वा अकराचा कोड

गाडीनं मला तिसऱ्यांदा नाकारलं. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला आणि एकसारखा पेटून राहिला. म्हणजे आता अर्धा तास गाडी कोणाचंच ऐकणार नव्हती. मालकाचा मुलगा प्रमोद माझ्याकडे पाहत होता. मी काहीतरी महत्त्वाचं शोधत असल्यासारखा बॅगेत वाकलो. बॅगेत माझा डबा होता.

मी अमरावतीचा ऑटो इलेक्ट्रिशियन. त्या दिवशी या कामासाठी अकोल्याला गेलो होतो. गाडी जुनी, डिझेलची. गिअरजवळ कॅल्क्युलेटरसारखी बटणं. त्यावर चार आकडी कोड दाबला तरच इंजिनला डिझेल मिळतं. या कुलपाला इमोबिलायझर म्हणतात. कोड नसेल तर चावी खरी असूनही स्टार्टर नुसता घरघरतो. हल्ली हे काम चावीतली चिपच परस्पर करते, म्हणून लोकांना त्याचा पत्ताही नसतो.

"वायर कापून टाका ना," प्रमोद आधीच म्हणाला होता.

पण या गाडीत ती वायर डिझेल पंपावर पोलादी टोपीखाली असते. टोपी फोडताना पंप गेला, तर या मॉडेलचा पंप आता भंगारातही मिळत नाही.

कोड एकट्या प्रमोदच्या वडिलांना माहीत होता. ते समोरच ओसरीत पलंगावर बसलेले. जन्मभर धान्याची अडत केली, म्हणजे शेतकऱ्यांचा माल बोली लावून विकून द्यायचा धंदा. दिवाळीआधी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डाव्या हातात पेन दिलं तर नुसत्या रेघोट्या. तोंडातून एकच बोल निघायचा, "सव्वा अकरा."

"चहा मांगते का दवाई मांगते, काही समजत नाही जी," प्रमोदची आई, काकू, म्हणाल्या. "अकरा वाजले का चहा देऊन पायला. तरी चिडते."

प्रमोदनं तर पलंगासमोर भलंमोठं घड्याळच लावून दिलं होतं.

"बाबाचं डोकं गेलं आता," तो मला हळूच म्हणाला. ओसरी काही फार लांब नव्हती. "त्याईले अमरावतीले घेऊन जाऊन राहिलो. हे घर बंद. गाडी विकून टाकतो, पन चालू तं झाली पायजे."

"त्याईले इचारलं का, अमरावतीले याचं का म्हणून?" मी म्हणालो.

"काय इचारू? सव्वा अकरा म्हन्तीन."

"आन् कोड?"

"कोड इचारला तरी तेच!"

इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काका बरोबर सांगत होते, घरच्यांना कळत नव्हतं! सव्वा अकरा हाच कोड! मी काकूंकडे, प्रमोदकडे विजयी नजरेनं पाहिलं, गाडीत बसलो आणि दाबलं: एक, एक, एक, पाच. लाल दिवा. बोट घसरलं असेल म्हणून पुन्हा तेच दाबलं. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा तेच आकडे अगदी सावकाश दाबले, गाडीला नीट समजावं म्हणून. पुढचं सांगून झालंच आहे.

काका डाव्या हातानं पलंग बडवत होते. "सव्वा अकरा! सव्वा अकरा!"

मी जवळ गेलो आणि त्यांचे कानही गेले असावेत तसा ओरडलो, "काका, अकरा पंधरा टाकलं जी! घेतच नाही ते!"

खडे मिसळलेली तूर घेऊन आलेल्या माणसाकडे पाहावं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अचलपूरचं जुनं गिऱ्हाईक, बॅटरीचा भाव विचारत होतं.

"साडेचार पडन," मी म्हणालो. "जुनी वापस देली तं सव्वाचार."

काका पलंगावर अर्धे उठले. डावा हात माझ्या फोनकडे रोखून म्हणाले, "हं! हं! सव्वा अकरा!"

मी फोन कानाला तसाच लावून उभा राहिलो. साडेचार म्हणजे साडेचार हजार, हे पलीकडच्याला सांगावं लागलं नव्हतं. बाजारात शे आणि हजार कोण बोलतो? ते ज्याचं त्यानं समजून घ्यायचं. घड्याळातला सव्वा पंधरा मिनिटांचा, पण शंभरातला सव्वा पंचवीसचा. अख्खी हयात भाव बोलण्यात गेलेल्या माणसाला आम्ही सगळे मिळून घड्याळ दाखवत होतो.

"काका, सव्वा अकराशे? अकराशे पंचवीस?"

त्यांनी डोळे मिटले आणि पाठ उशीला टेकली. मोठा सौदा तुटता तुटता जमल्यासारखी.

अर्धा तास थांबणं भागच होतं. काकूंनी चहा केला. प्रमोद कपात बघत बसला. वेळ संपल्यावर मी त्यालाच सीटवर बसवलं. म्हटलं, चौथ्यांदा माझी बोटं नकोत. एक, एक, दोन, पाच. दिवा हिरवा झाला. चावी फिरवली. गाडी खोकली, काळा धूर ओकली आणि चालू झाली.

प्रमोद इंजिन तसंच सुरू ठेवून उतरला आणि पलंगाशी उकिडवा बसला.

"बाबा, अमरावतीले येता का?"

"सव्वा अकरा," काका म्हणाले आणि त्यांनी मान आडवी हलवली. स्वच्छ आडवी.

"इथंच राहाचं?"

मान उभी हलली. काकूंनी पदर तोंडाला लावला. "बाप्पा, असं इचारलंच नाही रे आपन."

"आन् गाडी, बाबा? ठेवाची?"

काकांनी मान हलवायचेही कष्ट घेतले नाहीत. नुसता डावा तळहात पुढे केला. प्रमोदनं गाडी बंद करून चावी आणून त्यावर ठेवली.

आता कोणी जुन्या गाडीचा कोड सांगू लागला की मी एकेक आकडा सुटा म्हणायला लावतो. त्याआधी त्याचा धंदा विचारतो. गिऱ्हाइकांना तो भोचकपणा वाटतो. वाटू द्यावा.